‘तू खंबीर आहेस’ म्हणण्याआधी

आपल्या मंडळाच्या गणपतीत किंवा हळदीकुंकवाला एक प्रश्न हमखास येतो. “मुलगी काय करते?” कॉम्प्युटर, सीए, आर्किटेक्चर यांपैकी काही सांगितलं तर गप्पा पुढे सरकतात. “बीएस्सी नर्सिंगला आहे,” असं उत्तर आलं की क्षणभर शांतता पसरते आणि मग दोन वाक्यांपैकी एक येतं. पहिलं, “का हो, नीटला कमी पडले का?” आणि दुसरं, “छान! पण मन खंबीर लागतं हो त्याला.” पहिल्या वाक्याचा राग येतो, तो बरोबरच आहे. पण तुमच्याशी बोलायचंय ते दुसऱ्या वाक्याबद्दल. ते कौतुक वाटतं, आणि म्हणूनच जास्त नुकसान करतं.

मी मूळची तासगाव तालुक्यातली. सरकारी रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमधून जीएनएम केलं, काही वर्षं मुंबईत काढली आणि २००६ साली अमिरातीत आले. बरीच वर्षं वॉर्डात काम केलं. आता उत्तरेकडच्या एका अमिरातीत नर्सिंगच्या मुलामुलींना रुग्णालयात घेऊन जाते. पदाचं नाव क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. पहिल्यांदा सुई हातात धरणाऱ्या पोरांच्या मागे उभं राहायचं, हे माझं काम. माझ्या तुकडीत अमिराती मुली असतात, इजिप्त, सुदान, सीरियाच्या असतात, केरळच्या तर असतातच. मराठी मूल एखादं, तेही दरवर्षी नाही.

या मुलांचा आठवडा कसा असतो ते आधी सांगते, कारण घरच्यांनाही तो नीट माहीत नसतो. शारजात राहणारी मुलगी पहाटे साडेचारला उठते. सव्वापाचला बस. सातच्या आत वॉर्डात हँडओव्हर. दुपारपर्यंत दोन रुग्णांची जबाबदारी: अंघोळ, ड्रेसिंग, औषधं, नोंदी. रुग्णांपैकी एक पठाण, एक बंगाली, शेजारच्या खाटेवर अरबी आजी. अरबी आजींना दुखतंय कुठे हे विचारायला मोडकं अरबी, बंगालीबाबूला समजवायला मोडकं हिंदी. परतीच्या वाटेवर दुबई-शारजाची वाहतूक तुम्हाला वेगळी सांगायला नको. घरी येऊन उद्याच्या रुग्णाचा केअर प्लॅन लिहायचा, आणि गुरुवारी फार्माकॉलॉजीची चाचणी.

यातली औषधमात्रेची गणितं वरवर पाहिली तर आठवीतली. डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅम लिहिलंय, बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम लिहिलंय, किती मिलिलिटर द्याल? तुम्ही मनातल्या मनात १० म्हणालात. आता हेच गणित कमी झोपेवर करा, मागे मॉनिटर वाजतोय, रुग्णाचा मुलगा तुमच्या हाताकडे बघतोय, आणि चुकलं तर काय होईल हे तुम्ही कालच पुस्तकात वाचलंय. बुद्धी तीच असते, पण भीतीने डोक्यातली जागा अडवलेली असते, आकड्यांना जागा उरत नाही. हुशार मुलगी नापास होते ती बऱ्याचदा अशी. घरी मात्र निष्कर्ष निघतो, “अभ्यासात लक्ष नाही.”

ताणाची मला पटलेली व्याख्या रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची आहे. त्यांचं पुस्तक १९८४ चं. त्यांच्या मते ताण बाहेरच्या प्रसंगातही नसतो आणि माणसाच्या स्वभावातही नसतो. समोर येऊन ठाकलेली मागणी आपल्याकडच्या बळापेक्षा मोठी आहे असं माणसाला वाटलं, की ताण येतो. म्हणजे तो कमी करायचे रस्ते दोन: मागणी कमी करा, नाहीतर बळ वाढवा. आता “तू खंबीर आहेस” या वाक्याकडे बघा. त्याने बस उशिरा सुटत नाही, रुग्ण कमी होत नाहीत, झोप वाढत नाही. उलट एक मागणी वाढते, ती म्हणजे खंबीर दिसत राहायची.

एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. जन्म शारजाचा, आईवडील मराठवाड्यातले. वॉर्डात मला मॅम म्हणायची, मंडळात भेटली की मावशी. दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या वाट्याला आलेला रुग्ण दगावला. पन्नाशीचा ट्रकचालक, पाकिस्तानातला, इथे त्याचं कुणी नव्हतं. त्याला शेवटचं पुसून घेताना, डोळे मिटवताना ती स्टाफ नर्सच्या हाताखाली होती. हात अजिबात थरथरले नाहीत. खाटेशेजारच्या कपाटात त्याचा फोन वाजत होता. थांबायचा, परत वाजायचा. घरून येत होता. तो उचलणं हे विद्यार्थिनीचं काम नव्हे. ते काम ज्यांचं होतं त्यांनी ते नंतर रीतसर केलं. पण तोवर तो वाजत राहिला.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. वडील म्हणाले, “बाळा, तू खंबीर आहेस, म्हणून तर तुला या लाइनला घातलं.” आई म्हणाली, “हे रोजचंच असणार आता, सवय कर.” दोघंही प्रेमाने बोलले, यात मला शंका नाही. पण त्यानंतर तिने घरी वॉर्डाबद्दल बोलणं बंद केलं. दुसऱ्या दिवशीची चाचणी तिने दिली, त्यात पडली. मग पुढचीही पडली. कुणाचाही फोन वाजला की तिच्या पोटात गोळा यायचा, हे तिने मला सांगितलं ते दोन महिन्यांनी, आणि तेही बसची वाट बघताना सहज बोलल्यासारखं.

शिकलेलं आणि प्रत्यक्षात बघितलेलं यातल्या दरीला नर्सिंगमध्ये जुनं नाव आहे. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘रिअॅलिटी शॉक’ म्हटलं. नव्या नर्सेस हे काम का सोडतात, हा त्यांचा प्रश्न होता. पुस्तकातला रुग्ण बरा होतो, नर्सला वेळ असतो, सगळं क्रमाने होतं. वॉर्डातला रुग्ण मरतो आणि त्याचा फोन वाजत राहतो. हा धक्का कच्च्या मुलींनाच बसतो असं नाही. ज्यांचं मन कामात असतं, त्यांना तो जास्त बसतो.

मग यातून तग कोण धरतं? ‘रेझिलियन्स’ या शब्दाचा आजकाल सुकाळ आहे. मराठीत त्याला लवचीकता म्हणतात, चिवटपणा म्हणतात. मला ‘तग धरणं’ आवडतं, कारण धरायला काहीतरी लागतं हे त्या शब्दातच आहे. या विषयातला गाजलेला अभ्यास हवाई बेटांतल्या कवाई या बेटावरचा. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. साधारण एकतृतीयांश मुलं अशा घरांतली होती की त्यांचं पुढे अवघड होणार असंच कुणीही म्हणालं असतं: गरिबी, व्यसन, भांडणं. त्यांतलीही एकतृतीयांश मुलं पुढे नीट, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्यात काही स्वभावगुण होतेच. पण पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे प्रत्येकाच्या आयुष्यात किमान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. कुणाची आजी, कुणाचे शिक्षक, कुणाच्या शेजारच्या बाई.

आमच्याकडे द्राक्षबागेत लव्हाळा फार. पुरात मोठी झाडं जातात आणि लव्हाळा वाचतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो; तो नम्र असतो म्हणून, असं आपल्याला सांगितलं गेलं. पण ज्याने तो उपटून बघितलाय त्याला दुसरंही कारण माहीत असतं. वर एकेकटी पात दिसते, आणि खाली जमिनीत गाठीला गाठ जोडलेली असते. एक उपटायला जावं तर पलीकडची हलते. तो वाकतो हे खरंच, पण टिकतो तो खालच्या जाळ्यामुळे.

माझा स्वतःचा अनुभव याच जातीचा आहे. नोंदणीकृत नर्ससाठी पदवी ही किमान पात्रता, असं अमिरातींनी गेल्या दशकात ठरवलं. भारतातून जीएनएम डिप्लोमा घेऊन आलेल्या माझ्यासारख्यांपुढे प्रश्न उभा राहिला. वर्षानुवर्षं रुग्ण सांभाळलेले हात आणि अपुरा कागद. त्यासाठी ब्रिज अभ्यासक्रम होते. रास अल खैमाच्या वैद्यकीय विद्यापीठातला त्यातला माहितीचा. मीही पदवीला बसले. तेव्हा धाकटा पहिलीत होता, मोठी पाचवीत, नवरा जेबेल अलीत शिफ्टमध्ये. नाइट करून वर्गात जायचं आणि संशोधनपद्धती नावाच्या विषयात डोळे उघडे ठेवायचे.

मी त्यातून निघाले ती खंबीर होते म्हणून नव्हे. आम्ही पाच जणी होतो. तिघी केरळच्या, एक पंजाबची, एक मी. आमचा नेम ठरलेला होता. आठवड्यातून एक दुपार कुणाच्या तरी घरी, पुस्तक बंद, आणि एकीने प्रश्न विचारायचे. उत्तर आलं नाही की हसायचं आणि मग पुस्तक उघडायचं. मुलं आतल्या खोलीत, पुट्टू किंवा पोहे ज्याच्या घरचे असतील ते. पुढे कळलं की याला शास्त्राचाही आधार आहे. नुसतं परत परत वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून आठवायला लावलं तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं. आम्हाला ते माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की मंगळवारी कुणीतरी आपली वाट बघतंय. जिची नाइट वाईट गेली असेल तिला आधी दहा मिनिटं बोलू द्यायचं, मग अभ्यास. पाचही जणी पास झालो. त्या दहा मिनिटांचा आणि त्या गुणपत्रिकेचा संबंध आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळीकडचंच आहे, आखाताचं वेगळं काय? आहे. इथे वाढलेल्या मुलांना आपटायला मऊ जमीन नसते. वडिलांची नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर. मुलग्याला वडिलांच्या व्हिसावर वयाच्या १८ पर्यंतच ठेवता यायचं, ती मर्यादा ऑक्टोबर २०२२ च्या बदलांनंतर २५ झाली, तेव्हा कितीतरी घरांनी सुटकेचा श्वास टाकला. फी खाजगी, एक विषय राहिला की पुन्हा भरा. पास झाल्यावर परवान्याची परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी. भारतात परतून काम करायचं तर तिथल्या नोंदणीची वेगळी वाट. हे सगळं पोरांच्या कानावर असतं. जेवताना आपण हळू आवाजात बोलतो ते त्यांना ऐकू जातं. त्यामुळे ‘मला झेपत नाहीये’ हे वाक्य घरात म्हणणं म्हणजे आईबापांच्या हिशोबावर आणखी एक खर्च टाकणं, असं त्यांना वाटतं. मग ती गप्प बसतात, आणि आपण त्या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणतो.

कॉलेजंही काही वेगळं करत नाहीत. एका ठिकाणी मी बघितलंय, मुलं थकलीत असं लक्षात आल्यावर ‘रेझिलियन्स’वर कार्यशाळा ठेवली. कधी? क्लिनिकलच्या दिवशी, दुपारी चारला, हजेरी सक्तीची. पहाटे साडेचारला उठलेल्या मुलांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवत होते आणि मागच्या रांगेतली अर्धी झोपली होती. मला तर वाटलं, कार्यशाळेचा खरा उपयोग तोच झाला.

ज्याने फरक पडताना मी पाहिला त्या गोष्टी साध्या आहेत. ड्यूटी संपली की बसमध्ये चढण्याआधी वीस मिनिटं गोल करून बसायचं. आज काय बघितलं, कशाने बिचकलात, एवढंच. गुण नाहीत, उपदेश नाही. मोठी चाचणी लांब ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी लावायची नाही. आणि पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलीला त्याच आठवड्यात कुणीतरी स्वतःहून विचारायचं, ती सांगेल म्हणून थांबायचं नाही. यातली पहिली गोष्ट मागणी कमी करत नाही, बळ वाढवते. दुसरी मागणी कमी करते. खंबीरपणाचं भाषण दोन्हीपैकी काहीच करत नाही.

त्या शारजाच्या मुलीचं पुढे काय झालं? फार्माकॉलॉजी तिने दुसऱ्यांदा दिली. तोवर वर्गातल्या एका सुदानी मुलीशी तिची जोडी जमली होती. दोघी बसमध्ये एकमेकींना औषधांचे डोस विचारायच्या. आई-वडिलांना मी भेटले. चहा झाला, आणि फोनची गोष्ट मुलीने माझ्यासमोर पहिल्यांदा त्यांना पूर्ण सांगितली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझाही फोन असाच वाजला असता.” ते स्वतः लॉजिस्टिक्समध्ये होते, आठवड्यातले तीन दिवस रस्त्यावर. त्या क्षणी त्यांना कळलं की पोरगी कशाने घाबरली होती. ती पदवीधर झाली, बरोबरच्यांपेक्षा एक सेमिस्टर उशिरा, आणि आज मेडिकल वॉर्डात नाइट करते. प्रत्येक गोष्ट अशी संपत नाही. दुसऱ्या एका मुलाने तिसऱ्या सेमिस्टरला नर्सिंग सोडलं आणि प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाला गेला. तोही सुखात आहे. सोडणं म्हणजे हरणं नव्हे, हे त्याच्या घरच्यांना आधी कळलं, म्हणून.

राहता राहिला मंडळातल्या त्या क्षणभराच्या शांततेचा प्रश्न. अल ऐनला १९६० साली केनेडी दांपत्याने मातीच्या घरात सुरू केलेलं ओअॅसिस रुग्णालय आज कनद रुग्णालय म्हणून ओळखलं जातं. ‘कनद’ म्हणजे अरबी जिभेवरचं केनेडीच. तिथे १९६२ मध्ये कॅनडाहून गर्ट्रूड डिक नावाच्या नर्स आल्या आणि साडेतीन दशकांहून अधिक काळ राहिल्या. लोक त्यांना ‘डॉक्टरा लतीफा’ म्हणत. आपण ‘नुसती नर्स’ म्हणतो, आणि या देशातल्या जुन्या लोकांनी एका नर्सला प्रेमाने डॉक्टर करून टाकलं होतं. तेव्हा पुढच्या हळदीकुंकवाला कुणी “का हो, नीटला कमी पडले का?” विचारलं, तर हे सांगायला माझी परवानगी आहे.

पण मुलीसाठी खरं काम घरात आहे. तुमचं मूल नर्सिंगला असेल, किंवा अशाच कुठल्या अभ्यासाला जिथे विशीत माणसाचं मरण बघावं लागतं, तर काही गोष्टी करून बघा. क्लिनिकलच्या दिवसांचं वेळापत्रक फ्रिजवर लावा आणि त्या दिवशी घरात पाहुणे बोलावू नका. “पेपर कसा गेला?” च्या आधी “आज वॉर्डात कोण होतं?” विचारा. उत्तर आलं तर सल्ला देऊ नका, ऐका. नाही आलं तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. अभ्यासाला घरी मैत्रिणी येत असतील तर पोह्यांचं प्रमाण वाढवा, कुरकुर करू नका. पैशाची गोष्ट हळू आवाजात करण्यापेक्षा तिच्यासमोर सरळ करा: एक विषय राहिला तर किती जाईल आणि आपण ते कसं भागवू. आकडा कळला की भीतीला हद्द पडते. आणि झोप उडालेली, जेवण तुटलेलं, कशातच मन लागत नाही असं दोन आठवडे चाललं, तर तिथे ना खंबीरपणा चालतो ना पोहे. डॉक्टरकडे जा. पाय मोडला असता तर गेलाच असतात.

“तू खंबीर आहेस” हे वाक्य कायमचं टाकून द्या असं मी म्हणत नाही. तिचं सगळं ऐकून झाल्यावर म्हणा. तेव्हा ते खरंही असेल, आणि ते पेलायला ती एकटी नसेल.